जुन्या लॅपटॉपचा खोडवा



उसाची लागण तुटून गेली म्हणजे रान संपले असे आपण कधी म्हणत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत ठेवतो, नांग्या भरतो आणि त्याच खोडातून दुसरे पीक घेतो. नांगरट वाचते, बेणे वाचते. मात्र सगळ्याच रानांचा खोडवा राखण्याजोगा नसतो. काणी किंवा गवताळ वाढ शिरलेले रान मोडावेच लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे. घराच्या माळ्यावर किंवा कपाटात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपविषयी आज हाच विचार करायचा आहे.

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण असे. बहुतेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० ही प्रणाली आहे. तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांनी वाढीव सोय घेतली त्यांच्यासाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. पुढची विंडोज ११ ही प्रणाली साधारण २०१७-१८ च्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे यंत्र चालू असूनही "आता हे भंगारात घाला आणि नवीन घ्या" असा सल्ला दुकानातून मिळतो. ऊसबिलाचा हप्ता जमा झाला की मुलांचा नवीन लॅपटॉपचा तगादाही सुरू होतो. घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पण घेण्याआधी जुन्यातून काय निघते ते एकदा पाहावे.

१. कल्पना काय आहे?

कुर्डुवाडीच्या स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीपाशी आपण उभे राहतो. कारकून कळा दाबतो, पडद्यावर गाडी, डबा, शिल्लक जागा दिसते आणि तिकीट बाहेर येते. ही सगळी माहिती त्या खिडकीतल्या यंत्रात नसते. ती दूरच्या मोठ्या संगणकात असते. रेल्वेने संगणकावरचे आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू केले, तेव्हापासून तत्त्व हेच आहे. खिडकीवरच्या यंत्राने फक्त कळ दाबल्याचा निरोप पाठवायचा आणि आलेले उत्तर दाखवायचे. आपल्या बँकेच्या शाखेतही आज असेच चालते. शाखेतला संगणक बिघडला म्हणून आपल्या खात्यातले पैसे कुठे जात नाहीत.

संगणकाच्या भाषेत अशा खिडकीवरच्या यंत्राला 'थिन क्लायंट' म्हणतात, आणि दूरच्या यंत्राचा सबंध पडदा आपल्यासमोर उघडण्याच्या सोयीला 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. या लेखात सोयीसाठी पहिल्याला 'खिडकी' आणि काम करणाऱ्या दुसऱ्या यंत्राला 'मुख्य यंत्र' म्हणू.

आता जुना लॅपटॉप निकामी का वाटतो, ते पाहा. त्याची स्मृती म्हणजे रॅम कमी, प्रोसेसर मंद, हार्डडिस्क रडतखडत चालणारी. पण त्याचा पडदा चांगला असतो, कळफलक चांगला असतो, वायफाय चालत असते. खिडकीला लागते ते एवढेच. ओझे वाहायचे काम मुख्य यंत्राकडे दिले की जुन्या बैलाला फक्त वाट दाखवायची राहते.

ही काही नवी युक्ती नव्हे. लिनक्स प्रणालीची सुरुवात १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी केली. ती फुकट मिळते आणि कोणालाही वाटता येते. १९९९ पासून लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट या नावाने जुनी यंत्रे खिडकीसारखी वापरण्याची पद्धत जगभरच्या शाळांत गेली. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या शेजारच्या गोव्यातही काही शाळांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून मुलांसमोर ठेवले गेले.

२. वारणेचा धडा

साखर कारखान्याच्या सभासदांनी या बाबतीत एक उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आखली. उसाची नोंद, तोडीची माहिती, खताची उचल, बिलाचा तपशील या गोष्टी शेतकऱ्याला गावातच कळाव्यात, तालुक्याला किंवा कारखान्यावर हेलपाटा पडू नये, हा हेतू. त्या काळात ही मोठी गोष्ट होती.

काही वर्षांनी असे दिसून आले की गावोगावच्या त्या संगणकांचा मुख्य उपयोग उसाच्या थोड्याशा आकड्यांची देवाणघेवाण करण्यापुरताच राहिला. यंत्रे जुनी होत गेली, वीज बेभरवशाची, दुरुस्तीचा खर्च चालूच. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी तिथे एक प्रयोग केला. काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसने मागवण्याची सोय केली. काम भागले, आणि शेतकऱ्याला केंद्र उघडण्याची वाटही पाहावी लागेना.

यातून आपण काय घ्यायचे? एक, आधी काम बघावे आणि मग यंत्र निवडावे. नुसती काटापावती पाहायची, ऊसनोंद करायची, तर हातातला मोबाईल पुरे आहे. त्यासाठी लॅपटॉप दुरुस्त करत बसू नये. दोन, गावात यंत्र नेऊन ठेवणे सोपे, पण ते वर्षानुवर्षे चालते ठेवणे हेच खरे काम. म्हणून ज्या कामाला मोठा पडदा आणि कळफलक लागतो त्यासाठीच पुढचा खटाटोप करावा. मुलांचे कॉलेजचे काम, सोसायटीचा पत्रव्यवहार, दूध संकलनाचे तक्ते, ठिबकच्या व खताच्या खर्चाची वही, सातबारा व फेरफार काढून जपून ठेवणे, अशी ही कामे. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. असे कागद मोठ्या पडद्यावर वाचणे डोळ्यांनाही बरे पडते.

३. आधी पारख करा

खोडवा राखायचा की मोडायचा, हे पुढील गोष्टींवरून ठरवावे.

अ) बॅटरी फुगली आहे का? लॅपटॉपची तळपट्टी वर आली असेल किंवा टचपॅड उचलल्यासारखा दिसत असेल तर बॅटरी फुगलेली समजावी. यंत्र बंद करून ती माहितगाराकडून काढून घ्यावी. टोचू नये, दाबू नये, उन्हात ठेवू नये, चुलीत किंवा कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. बरेच जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात.

आ) पंखा आवाज करतो का, यंत्र तापते का? आपल्याकडची धूळ आणि पाचटाची राख आत साचलेली असते. उघडून साफ केले की निम्मी तक्रार जाते.

इ) रॅम किती? खिडकीसाठी २ जीबी चालते, ४ जीबी असेल तर उत्तम.

ई) प्रोसेसर ६४ बिटचा आहे का? डेबियन या लिनक्सची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिच्यात जुन्या ३२ बिट संगणकावर नव्याने बसवण्याची सोय ठेवलेली नाही. यंत्र ३२ बिटचेच असेल तर हे रान मोडलेले बरे.

उ) तारीख आपोआप मागे जाते का? आत नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ या नावाचा. तो संपला की यंत्र दरवेळी जुनी तारीख दाखवते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. लोक म्हणतात, "नेट बिघडले." खरे तर थोड्या पैशांचा तो सेल बदलायचा असतो.

पडदा फुटलेला, कळफलक गेलेला आणि यंत्रही ३२ बिटचे, असे असेल तर हौस म्हणूनही खर्च करू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; असे यंत्र अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावे, आणि हार्डडिस्क आपल्या हाताने काढून घेतल्याशिवाय देऊ नये. तिच्यात आपले आधारकार्ड, पासबुक, घरच्या मंडळींचे फोटो असतात.

४. सगळ्यात पहिले काम

लिनक्स बसवताना जुन्या डिस्कवरचे सारे पुसले जाते. म्हणून आधी फोटो, कागदपत्रे, हिशेब दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत आणि उतरवलेले उघडून पाहावेत. प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केली आहे. पेनड्राइव्हवर नक्कल झाली असे समजून डिस्क पुसली. नंतर पाहतो तर पेनड्राइव्हवर फोल्डरांची नावे तेवढी होती, आत काही नव्हते. वडिलांच्या शेवटच्या वर्षातले फोटो आणि दोन हंगामांचा खर्चाचा हिशेब त्यात गेला. हिशेब पावत्यांवरून पुन्हा मांडता आला. फोटो काही परत आले नाहीत. तेव्हा "नंतर बघू" असे म्हणू नका.

५. मुख्य यंत्राची तयारी

मुख्य यंत्र कोणते असावे? घरात मुलांसाठी दोन नवीन लॅपटॉप घ्यायचे ठरत असेल, तर त्याऐवजी एकच बरे डेस्कटॉप यंत्र घ्यावे. रॅम १६ जीबी, डिस्क एसएसडी, प्रोसेसर गेल्या सहा-सात वर्षांतला. साध्या कामाच्या तीन-चार खिडक्या त्यावर चालतात. एकाच खिडकीपुरते ८ जीबीचे यंत्रही पुरते.

त्यावर डेबियन बसवताना 'एक्सएफसीई' हा हलका डेस्कटॉप निवडावा. नंतर 'सिनॅप्टिक' या भांडारातून 'एक्सआरडीपी' शोधून बसवावे. हाच तो कारभारी, जो खिडकीवरून आलेल्याला आत घेतो. पुढे चार गोष्टी कराव्यात :

१) घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. ताईचा अभ्यास ताईच्या खात्यात, सोसायटीची कागदपत्रे वेगळ्या खात्यात.

२) वीजबचतीच्या पानावर जाऊन यंत्र आपोआप झोपणार नाही असे करावे. मुख्य यंत्र झोपले की सगळ्या खिडक्या बंद.

३) रूटरमध्ये मुख्य यंत्राचा पत्ता कायम करून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. टाइप करताना आकडे इंग्रजीच वापरावेत. पत्ता रोज बदलला तर टपाल चुकते, तसेच इथे होते.

४) एकच खाते मुख्य यंत्रावर आणि खिडकीवर एकाच वेळी उघडू नये. तसे केल्यास पुष्कळदा काळा पडदा दिसतो आणि माणूस घाबरतो. आधी मुख्य यंत्रावरून लॉगआऊट करावे.

ज्या संस्थांचा हिशेब विंडोजवरच्याच पॅकेजमध्ये आहे त्यांनी मुख्य यंत्र विंडोजचे ठेवावे लागते. तिथे दोन अडचणी आहेत. विंडोजच्या 'होम' आवृत्तीत बाहेरून आत येऊ देण्याची ही सोय नसते, 'प्रो' लागते. आणि 'प्रो'वरही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. अनेकांनी एकाच वेळी काम करायचे तर सर्व्हरची वेगळी परवानगी विकत घ्यावी लागते. आणखी एक सूचना. केंद्र सरकारने २०२२ साली ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आहे. त्या योजनेतून सोसायटीला मिळालेल्या यंत्रावर असले प्रयोग कोणीही करू नयेत.

६. खिडकीची तयारी

दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून डेबियनची फाइल उतरवून घ्यावी आणि ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रुफस' किंवा 'बलेना एचर' या साधनाने चढवावी. नुसती फाइल पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही, ही पहिल्यांदा करणाऱ्याची नेहमीची चूक.

पेनड्राइव्ह लावून जुना लॅपटॉप चालू करावा आणि चालू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबत राहावे. यादी आली की पेनड्राइव्ह निवडावा. बसवताना 'रूट'च्या परवलीची जागा रिकामी सोडली तर पहिल्या वापरकर्त्यालाच कारभाराचा अधिकार मिळतो. घरगुती वापराला हे सोयीचे. डेस्कटॉपच्या यादीत इथेही एक्सएफसीई घ्यावे, बाकीच्या खुणा काढाव्यात. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून वायफायच्या चिपांना लागणाऱ्या फाइली डेबियनसोबतच येतात, त्यामुळे पूर्वीसारखी वायफायसाठी वणवण होत नाही.

मग सिनॅप्टिकमधून 'रेमिना' आणि तिचे 'आरडीपी' जोडसाधन बसवावे. रेमिना उघडून नवीन जोडणी करावी. प्रकार आरडीपी, सर्व्हरच्या जागी मुख्य यंत्राचा पत्ता, खाली आपले नाव आणि परवली. जोडणी झाली की जुन्याच पडद्यावर नव्या यंत्राचा डेस्कटॉप उघडतो. पहिल्यांदा हे पाहिले की घरातल्या पोरांना गंमत वाटते आणि म्हाताऱ्या माणसांना शंका येते. दोन्ही साहजिक आहे.

रेमिना सुरुवातीलाच आपोआप उघडेल अशी नोंद सेटिंगमध्ये करून ठेवली की शिकवण्याची गरज उरत नाही. यंत्र लावायचे, परवली टाकायची, कामाला लागायचे. प्रिंटर मुख्य यंत्रालाच जोडावा. मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलकाची सोयही मुख्य यंत्रावरच करावी, कारण अक्षर तिथे उमटते, इथे फक्त दिसते.

७. कोणते काम होत नाही

खोटी आशा दाखवणे बरोबर नाही, म्हणून हेही सांगतो. खिडकीतून चलचित्र पाहिले की ते अडखळते, कारण प्रत्येक हललेला ठिपका वायरवरून यावा लागतो. ऑनलाइन तासासाठी लॅपटॉपचा कॅमेरा व माईक मुख्य यंत्रापर्यंत नेणे कटकटीचे आहे. अशा वेळी रॅम ४ जीबी असेल तर ब्राउझर जुन्या लॅपटॉपवरच उघडावा, नाहीतर मोबाईल वापरावा. लेखन, तक्ते, आज्ञावली लिहिणे, कागद वाचणे, पत्रव्यवहार या कामांना मात्र खिडकीत काहीच अडचण येत नाही.

अंतराचाही विचार करावा. घरातल्या घरात निरोप क्षणार्धात पोचतो. मोबाईलच्या नेटवरून, समजा पुण्याच्या वसतिगृहातून माळशिरसच्या घरच्या यंत्रावर काम करायचे, तर कळ दाबल्यावर अक्षर उमटायला किंचित उशीर जाणवतो. मजकूर लिहिता येतो, पण चित्रकाम करताना जीव कंटाळतो. घरात किंवा कार्यालयात शक्य तिथे लॅनची वायर टाकावी. एका वायरीची मर्यादा १०० मीटर. जाड भिंतींच्या वाड्यात वायफायपेक्षा वायर भरवशाची.

८. विजेचा आणि पैशाचा हिशेब

खिडकी म्हणून चालणारा लॅपटॉप साधारण ३० वॅट घेतो असे धरू. दिवसाला आठ तास म्हणजे २४० वॅट-तास, म्हणजे पाव युनिटच्या आतबाहेर. डेस्कटॉप पडद्यासह १२० वॅट धरला तर आठ तासांचे जवळजवळ एक युनिट होते. तेव्हा मुख्य यंत्र एक आणि खिडक्या दोन असे धरले तर दिवसाला दीड युनिटाच्या आत काम भागते.

पैशाचे उदाहरण घेऊ. समजा नवीन लॅपटॉप ४० हजारांना पडतो आणि घरात दोन मुले शिकत आहेत. दोघांना दोन घेतले तर ८० हजार. त्याऐवजी ४५ हजारांचे एक मुख्य यंत्र आणि दोन जुन्या लॅपटॉपची साफसफाई, सेल व वायर मिळून ३ हजार धरले तर ४८ हजारांत दोघांची सोय होते. आकडे आपापल्या बाजाराप्रमाणे बदलून पाहावेत. मात्र मुलगा किंवा मुलगी वसतिगृहात राहणार असेल, तिथे नेट चांगले नसेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. त्याला वेगळा लॅपटॉप द्यावाच. काटकसरीपायी पोरांचा अभ्यास अडू नये.

वीज गेल्यावर काय होते हेही समजून घ्यावे. मुख्य यंत्र आणि रूटर इन्व्हर्टरवर असतील आणि फक्त खिडकी विझली, तर काम बुडत नाही. वीज आल्यावर त्याच नावाने पुन्हा आत गेले की अर्धवट लिहिलेले पान तसेच्या तसे समोर येते. म्हणून इन्व्हर्टरची पहिली वायर मुख्य यंत्राला आणि रूटरला द्यावी.

९. दार उघडे ठेवू नका

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दूरच्या यंत्रावर बसून काम करता येते याचा दुसरा अर्थ असा, की दूरचा चोरही आपल्या यंत्रावर बसू शकतो.

पहिला धोका रूटरचा. बाहेरगावाहून जोडणी व्हावी म्हणून काही जण रूटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे दार थेट इंटरनेटवर उघडतात. असे कधीही करू नये. अशी उघडी दारे शोधत फिरणारी यंत्रे जगभर रात्रंदिवस चालू असतात. आत शिरून सगळ्या फाइलींना कुलूप घालायचे आणि खंडणी मागायची, हा त्यांचा धंदा. बाहेरून काम करायचेच असेल तर 'वायरगार्ड'सारख्या व्हीपीएनने, म्हणजे आपल्यापुरत्या खासगी बोगद्यातून, आत यावे. तो कसा बांधतात हे नीट कळेपर्यंत वापर घरापुरता ठेवावा.

दुसरा धोका फोनवरचा. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपली आहे, एवढे ॲप उतरवून घ्या आणि त्यातला नऊ आकडी नंबर सांगा." ते ॲप म्हणजे रिमोट डेस्कटॉपच असते. नंबर सांगितला की समोरच्याला आपला पडदा दिसतो, ओटीपीही दिसतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते, तरी लोक अजून फसतात. ऊसबिल जमा होण्याच्या दिवसांत तर विशेष जपावे. कारखाना असो, बँक असो वा महावितरण, कोणीही आपला पडदा पाहायला मागत नाही. चुकून तसे झालेच तर लाजत बसू नये. नेट ताबडतोब बंद करावे, १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

ज्याला खिडकी म्हणजे काय हे कळले, त्याला ही फसवणूकही कळते. हा लेख वाचून कोणी लिनक्स बसवले नाही तरी चालेल, पण ही गोष्ट घरातल्या सर्वांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगावी.

१०. एकाच्या भरवशावर अनेक

आपल्या तालुक्याला हे तत्त्व नवे नाही. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. घरोघरी गुऱ्हाळ लावण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक कारखाना चालवणे त्यांना परवडले. पुढे सहकाराने तेच मोठ्या प्रमाणावर केले. मुख्य यंत्र आणि खिडक्या हाही त्यातलाच प्रकार.

पण सामायिक गोष्टीची एक जोखीम असते. नदीवरच्या उपसा योजनेची मोटर जळाली की एका नव्हे, सगळ्यांच्या उसाचे पाणी थांबते. मुख्य यंत्राचेही तसेच. म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या फाइलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. महिन्यातून एकदा त्या नकलेतली एखादी फाइल उघडून पाहावी.

संस्थेत हे काम एकाच पोराच्या डोक्यात राहू देऊ नये. तो नोकरीला पुण्याला गेला की यंत्र आहे, खिडक्या आहेत, पण परवली कोणालाच माहीत नाही, अशी गत होते. मुख्य परवली पाकिटात बंद करून, सही करून, संस्थेच्या तिजोरीत ठेवावी. एका वहीत तारखेनिशी लिहावे : नक्कल कधी घेतली, काय बसवले, काय बदलले, कोणी बदलले. वारणेच्या अनुभवातून हेच शिकायचे आहे. यंत्र गावात आणण्याचा समारंभ एक दिवसाचा असतो, आणि वही लिहिण्याचे काम रोजचे.

थोडक्यात लक्षात ठेवावे :

• साधी माहिती हवी तर मोबाईल पुरे. मोठ्या पडद्याचे काम असेल तरच हा खटाटोप करावा.
• फुगलेली बॅटरी आधी काढावी. ३२ बिटचे यंत्र घेऊ नये.
• पुसण्याआधी दोन नकला घ्याव्यात आणि दोन्ही उघडून पाहाव्यात.
• मुख्य यंत्र झोपू देऊ नये, त्याचा पत्ता कायम करावा, प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे.
• इंटरनेटवर दार उघडू नये. फोनवरून कोणालाही आपला पडदा दाखवू नये. मदत क्रमांक १९३०.
• नक्कल, वही आणि परवलीचे पाकीट, या तिन्हींची जबाबदारी नावानिशी ठरवावी.

येत्या सुटीत मुले घरी असतील तेव्हा माळ्यावरचा लॅपटॉप खाली काढावा, धूळ झटकावी आणि पारखीच्या पाच गोष्टी त्यांच्यासोबत बसून तपासाव्यात. राखण्याजोगा असेल तर राखावा, नसेल तर मोडावा. उसाच्या रानात आपण दरसाल हेच ठरवतो.

कळावे.